पाऊसपाण्याच्या पुढचं बोलणं

(खंडाळा येथे सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सावित्रीबाईंच्या माहेरच्या तालुक्यात, त्यांच्या नावानं बोलायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांची शाळा, त्यांची कविता, १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्यांना आलेलं मरण, यांवर आपण पुष्कळ ऐकलंय आणि पुढंही ऐकत राहायला हवं. मी मात्र आज वरवर अगदी लहान दिसणारा विषय घेऊन आले आहे. माणूस माणसाला भेटल्यावर काही काम नसताना जे चार शब्द बोलतो, त्यांविषयी मला बोलायचं आहे. ‘कसं काय?’, ‘कुठं निघालाय?’, ‘पोरं बरी हायत नव्हं?’ हे ते शब्द. या बोलण्यातून खरं नातं केव्हा जुळतं आणि केव्हा जुळता जुळता तुटतं, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना मला सातारा जिल्ह्याबाहेर फारसं जावं लागलं नाही.

आपल्याकडं दोन माणसं भेटली की पहिली विचारपूस पावसाची होते. शहरातल्या माणसाला वाटतं, बोलायला काही सुचलं नाही म्हणून पावसाचं काढलं. पण या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेला माणदेशात गेलं की पाचशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. जिल्हा एकच, अंतर अर्ध्या दिवसाचं. अशा मुलखात ‘तुमच्याकडं झाला का?’ हा प्रश्न पोकळ नसतो. विहिरीला पाणी आलं का, पेरणी साधली का, दुबार पेरणीची वेळ आली का, औंदा घरात लग्न काढता येईल का, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. समोरच्याला घाई असेल तर तो ‘बरा झाला’ म्हणून पुढं जातो. मन मोकळं करायचं असेल तर थांबतो. किती सांगायचं हे त्याच्यावर सोडलेलं असतं. साध्या बोलण्याची पहिली ताकद ही आहे, की ते समोरच्याला जागा देतं आणि अडवत मात्र नाही.

जगात इतरत्रही हे लोकांच्या ध्यानात आलेलं आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रियांड बेटांवर बराच काळ राहिले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी असं मांडलं की, माणसं ख्यालीखुशाली विचारतात, हवेबद्दल बोलतात, तेव्हा काही माहिती पोचवणं हा त्यांचा हेतू नसतो. दोन अनोळखी माणसांमधली शांतता भीतीची असते. ती मोडावी आणि आपण एकमेकांना धोका नाही हे कळावं, यासाठी ते बोलणं असतं. मला हे म्हणणं पटतं, पण अपुरं वाटतं. भीती गेली म्हणजे नातं आलं, असं होत नाही. भीती गेल्यावर आपण पुढं काय करतो, तिथून नात्याचा विचार सुरू होतो.

म्हणून मी आता नायगावला येते. १८५६ चा ऑक्टोबर महिना. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या आणि तिथून त्यांनी पती जोतीरावांना पत्र लिहिलं. ते त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे आणि इथल्या प्रत्येक शाळेत ते वाचलं जावं असं मला वाटतं. पत्राची सुरुवात घरगुती आहे. तब्येत आता सुधारतेय, भावानं खूप सेवा केली, काळजी करू नका, माझ्या गैरहजेरीत शाळेतली सहकारी फातिमा हिला कामाचा त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही. घरातल्या कुणीही घरातल्या कुणाला लिहावं असा हा मजकूर आहे. मग त्या सांगतात की, एकदा असंच बोलणं चाललं असताना भावानं विषय काढला. तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकलंय ते योग्यच झालं, जातीची रीत सोडू नका, असं त्याचं म्हणणं होतं. आईला हे ऐकून वाईट वाटलं.

इथं दोन गोष्टी सहज घडू शकल्या असत्या. सावित्रीबाई गप्प बसल्या असत्या, आणि घरात शांतता पण मनात अढी राहिली असती. किंवा त्या उठून निघून गेल्या असत्या. त्यांनी भावाशी बोलणं चालू ठेवलं. तू गाईला, शेळीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग आपल्यासारखीच माणसं असलेल्या महार-मांगांचा विटाळ का मानतोस, असं त्यांनी त्याला विचारलं. सोवळ्यातला ब्राह्मण तुलाही दूरच ठेवतो, हेही दाखवून दिलं. शिक्षणानं माणूस कसा उभा राहतो ते सांगितलं. भाऊ आणि आई लक्ष देऊन ऐकत राहिले, आणि शेवटी भावाला आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला.

मला या प्रसंगात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, हा वाद सभेत झाला नाही. तो घरात, गप्पांच्या ओघात झाला. ज्या भावानं आजारपणात उशापायथ्याला बसून सेवा केली, त्याच्याशी आधीच मायेचं बोलणं होतं म्हणून कडू बोलणं झेपलं. दुसरी गोष्ट, सावित्रीबाईंनी भावाचा संकुचितपणा पत्रात लपवला नाही आणि त्याची मायाही लपवली नाही. माणसाकडं असं पुरतं पाहता आलं, तर त्याच्याशी पुढचं बोलता येतं. रोजच्या किरकोळ बोलण्याची किंमत अशा वेळी कळते. ते आधी झालेलं नसेल तर महत्त्वाचं बोलायची वेळ येते तेव्हा दोघांना जोडणारं काहीच नसतं.

आता मी दुसऱ्या प्रसंगाकडं वळते. तोही सातारा जिल्ह्यातलाच आहे, पण तो सांगताना जीव जड होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. पुढच्याच साली, १९०१ मध्ये, वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला असताना भीमराव आणि घरातली आणखी मुलं त्यांच्याकडं सुट्टीला निघाली. हा सगळा वृत्तान्त बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मुलं मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर टोप्या. न्यायला कुणी आलं नव्हतं. बराच वेळ गेला तेव्हा स्टेशन मास्तर आपणहून जवळ आला. कुठं जायचंय, कोण तुम्ही, अशी त्यानं आपुलकीनं चौकशी केली. मुलांच्या कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाघरची वाटली होती. लहानग्या भीमरावांनी खरं ते सांगितलं, की आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो पाठ फिरवून खोलीत निघून गेला. पुढं गाडीवानही मुलांना गाडीत घेऊन जायला तयार होईनात. दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, अशा अटीवर एकजण कबूल झाला. त्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही.

श्रोतेहो, त्या मास्तरचे पहिले प्रश्न आठवा. कुठं जायचंय? कोण तुम्ही? हेच प्रश्न आपण रोज विचारतो. एसटीत शेजारी बसलेल्याला विचारतो, बाजारात विचारतो, भाड्यानं खोली मागायला आलेल्याला विचारतो. त्या मास्तरची सुरुवातीची आपुलकी खोटी होती असं मी म्हणणार नाही. एकटी बसलेली मुलं पाहून तो उठून आला होता. पण त्याच्या आपुलकीला कुंपण होतं, आणि उत्तर कुंपणाबाहेरचं निघाल्याबरोबर ती संपली. आजही आपण गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आडनावावरून उमगलं नाही तर ‘म्हणजे कुठले?’ असं विचारतो. ऐकणाऱ्याला नेमकं कळतं की आता काय शोधणं चाललंय. ज्याला आयुष्यभर या प्रश्नाची धास्ती बाळगावी लागली, त्याच्याशी गप्पा मारायला आपण सुरुवात केली असं आपल्याला वाटतं. त्याला मात्र झडती सुरू झाल्यासारखं वाटतं.

तिसरा प्रसंग आपल्या अंगणातून जाणाऱ्या वाटेवरचा आहे. दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. दत्तघाटावर पादुकांना स्नान घातलं जातं आणि पुढं लोणंदला मुक्काम पडतो. त्या दिवसांत इथल्या घराघरांतून भाकरी जातात, ओसऱ्या वारकऱ्यांनी भरतात, जो भेटेल त्याला ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते आणि वयानं मोठा माणूससुद्धा लहानाच्या पायाला हात लावतो. अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलायला लागावं, याची याहून मोठी सोय आपल्या समाजानं दुसरी केलेली नाही.

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे या वाटेनं चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका होत्या. अभंग एकत्र म्हणायच्या, वाट एकत्र चालायच्या, पण जेवणाच्या पंगती वेगळ्या. इरावतीबाईंना ते डाचत होतं. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. हात धरून बरोबर चालू लागल्या, घरच्या कहाण्या सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला आलो की तुमच्याकडं येऊ, असंही कुणी म्हणालं. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीनं विचारलं, की तिथंही तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल का? हा साधा प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला. हजारो वर्षं शेजारी राहून आपण एकमेकांचे झालो नाही, याची जाणीव त्यांनी त्या ठिकाणी लिहून ठेवली.

माझ्या मते साध्या बोलण्यातून नातं जुळलं की नाही, हे तपासायचं असेल तर त्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारावा. वाटेवरची माया घरच्या उंबऱ्यावर टिकते का? प्रवासात, वारीत, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, लग्नाच्या मांडवात आपण सहज मोकळे होतो, कारण तिथून आपल्याला निघून जायचं असतं. खरं बोलणं ते, ज्याची जबाबदारी आपण उद्याही घेतो.

ही जबाबदारी घेणारी माणसंही याच जिल्ह्यानं पाहिली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील आधी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकणाऱ्या कारखान्यांसाठी गावोगाव हिंडले. फिरत्या विक्रेत्याला चार घरी बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं, पिकाची आणि पोराबाळांची चौकशी करावी लागते. दुसरा कुणी माल खपवून पुढच्या गावाला गेला असता. भाऊरावांनी त्या घरांतली शाळेपासून लांब राहिलेली मुलं लक्षात ठेवली. १९१९ मध्ये काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एका पंगतीला जेवली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ‘पोरं काय करत्यात?’ हा प्रश्न मनापासून विचारला, तर तो कुठवर नेऊ शकतो याचं हे उदाहरण.

आता आजच्या खंडाळ्याकडं पाहू. पुणे-सातारा महामार्ग आपल्याला चिरून गेला आहे. शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेले तरुण इथं पाळ्यांमध्ये काम करतात आणि खोल्यांमध्ये दाटीनं राहतात. शेतकऱ्याच्या चाळीतल्या खोलीचं भाडं दर महिन्याला येतं, पण भाडेकरूच्या आईचं नाव मालकाला ठाऊक नसतं. दुसरीकडं आपली स्वतःची मुलं पुण्या-मुंबईत अशाच खोल्यांत राहतात, आणि तिथं त्यांना कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही अशी खंत आपण करतो. पारावरची बैठक विरळ झाली आहे. गाडीत बसलं की प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. पीठगिरणीवर, डेअरीवर दूध घालताना, दवाखान्याच्या बाकावर अजून थोडं बोलणं शिल्लक आहे, तेही कमी होत चाललं आहे. ब्रिटननं २०१८ मध्ये अशा एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडं दिली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सामाजिक जोडलेपणावर आयोग स्थापन केला. हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

मग आपण बोलायचं का थांबलो? समोरच्याला आवडणार नाही, असं आपल्याला वाटतं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या लोकल गाड्यांत याचा प्रयोग केला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला आणि काहींना नेहमीसारखं वागायला. ज्यांना आधी नुसता अंदाज विचारला, त्यांना गप्प बसलेला प्रवास सुखाचा जाईल असं वाटलं. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा गेला. समोरचाही बोलायला तयार असतो, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत गप्प बसतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मिळालेल्या उत्तरावरून जो पुढचा प्रश्न विचारतो, तो माणूस लोकांना जास्त आवडतो, कारण त्यानं ऐकलंय याची ती खूण असते.

आपल्या गावातल्या जाणत्या बायका हे कुठल्याही प्रयोगाशिवाय करतात. ‘पाय कसा हाय आता?’ यातला ‘आता’ फार मोलाचा आहे. मागच्या भेटीत पाय दुखत होता हे तिनं ध्यानात ठेवलेलं असतं. असं बोलणं शिकायला पुस्तक लागत नाही, पण सवय लागते. म्हणून मी चार गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, विचारलं की थांबा. ‘बरं आहे ना?’ म्हणत आपण पुढचं पाऊल टाकलेलं असतं. उत्तर ऐकायला वेळ नसेल तर नुसता रामराम घाला, तोही पुरेसा आहे.

दुसरी, आधी स्वतःचं थोडं सांगा. आपण आपली अडचण सांगितली, आपल्या शेतातलं नुकसान सांगितलं, की समोरच्याला बोलायचं बळ येतं. नुसते प्रश्न विचारत राहिलं की चौकीत बसवल्यासारखं होतं.

तिसरी, काही प्रश्न विचारूच नका. लग्न कधी करणार, मूलबाळ का नाही, नवरा का सोडला, पगार किती, रंग का काळवंडला, आणि ते जातीच्या दिशेनं सरकत जाणारे प्रश्न. आपल्या गावांतल्या किती मुली, किती एकट्या बायका केवळ या चौकशांमुळं कार्यक्रमाला यायचं टाळतात, याचा विचार करा. विचारणाऱ्याला ती जवळीक वाटते आणि ऐकणारी मात्र घरी जाऊन रडते. माणूस जे आपणहून सांगेल ते ऐकावं. जे त्यानं झाकून ठेवलंय ते झाकलेलंच राहू द्यावं.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आपल्यासारख्यांशीच बोलत राहू नका. आपली आळी, आपली भावकी, आपला गट, आपली जात यांच्यात आपण दिवसभर बोलतो, आणि त्यालाच समाजात मिसळणं म्हणतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६८ मध्ये आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांनी पाणी दिलं हे खरंच आहे. पण पाणवठा ही आपल्याकडं गप्पांची सर्वांत मोठी जागा होती आणि ती एका मोठ्या समाजाला बंद होती. हौद खुला झाला तेव्हा एकमेकांशी बोलायची जागाही खुली झाली, असं मी मानते. ज्यांना एकत्र उभं राहायची जागाच नाही, त्यांना ‘बोला, मिसळा’ असं सांगण्यात अर्थ नाही. म्हणून गावात वाचनालय असेल तर त्याची दारं सगळ्या वस्त्यांना उघडी आहेत का ते पाहा. देवळाचा सभामंडप, शाळेचं मैदान, महिलांच्या बचत गटाची बैठक या जागा कुणाच्या आहेत आणि कोण तिथं येतच नाही, हे मोजून पाहा.

माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या चाळीत, तुमच्या आळीत बाहेरगावाहून येऊन राहिलेलं एक कुटुंब किंवा एक मुलगा नक्की असेल. त्याला नाव विचारा, आडनावापाशी अडू नका. गावाकडं पाऊस झाला का, आई कशी आहे, हे विचारा आणि पुढच्या वेळी भेटल्यावर आईचं नाव घेऊन विचारा. दिवाळीला फराळाला बोलवा. आणि त्यानं उलट बोलावलं तर त्याच्या खोलीवर जा, त्याच्या ताटात जेवा. बोलावणं दोन्ही बाजूंनी झालं की माणसं एकमेकांची होतात. सावित्रीबाईंच्या तालुक्यानं एवढं केलं, तर त्यांच्या नावानं होणारी ही व्याख्यानमाला सार्थकी लागली असं मी म्हणेन.